आधी कंदील

पाचवीच्या पुस्तकातल्या आजोबांना
पांढरीशुभ्र मिशी होती, हातात काठी
आणि दिवेलागणीला एक गोष्ट.
नातू मांडीवर. चित्रात खाली एक मांजरही.
बाई म्हणाल्या, आपापल्या आजोबांवर
आठ ओळी लिहून आणा.
मी लिहिलं, माझे आजोबा फार प्रेमळ आहेत.
पुढे काही येईना.

आमच्या घरात आजोबा नव्हतेच,
आज्जा होता.
केरबा, हरिपूरच्या पेवांवरचा.
त्याची मिशी हळदीची, नखं हळदीची,
शिंकला तरी रुमाल पिवळा.
मांडीवर घेणं वगैरे काही नाही.
"कापडं खराब हुतील, सर लांब."

कशाबशा आठ ओळी जमवून त्याला वाचून दाखवल्या.
त्यानं ऐकल्या, पोतं काट्यावर चढताना बघावं तशा.
"ह्यातनं कडता किती काढायचा?"
"म्हणजे?"
"बारदानाचं वजन गं.
पोतं वजा केल्याबिगर माल कळतोय व्हय?
प्रेमळ, मायाळू, कष्टाळू...
समदं बारदान हाय हे."
मी रडले.
त्यानं डोळे पुसले नाहीत. हात पिवळे होते.

पण रविवारी मला पेवावर नेलं.
शिळा सरकवली, माती झाडली.
आतून जुना, कोंडलेला वास आला.
"थांब. पेवाला श्वास घेऊ दे."
दुपार कलेपर्यंत आम्ही बाभळीखाली बसलो,
तो तंबाखू मळत, मी कंटाळत.
मग त्यानं दोराला कंदील बांधून
हळूहळू आत सोडला.
दोघं पालथे पडून तोंडाशी वाकलो.
ज्योत बारीक झाली. आणखी बारीक.
"इझला तर?"
"तर आपुन जायाचं न्हाई.
आत सोनं आसलं तरी."
त्यानं मला सांगितलेली
गोष्ट म्हणावी अशी एवढीच.

कंदील विझला नाही. तो उतरला.
खालून त्याचा आवाज आला, त्याच्याहून मोठा,
"पोरी, हाईस न्हवं?"
"हाय."
थोड्या वेळानं पुन्हा, "हाईस न्हवं?"
मला वाटायचं, मी पळून जाईन
अशी त्याला भीती.
फार वर्षांनी शेजारच्या दत्तूमामानं सांगितलं,
विचारायचं असतं ते वरच्यानं,
खालच्याचा श्वास चालू आहे का म्हणून.
मी मुंगळे बघण्यात विसरायची.
म्हणून तोच खालून विचारायचा.

आता सांगलीत मी मुलांना कविता शिकवते.
त्यांतले आजोबा शेवटच्या कडव्यात जातात.
रिकामी खुर्ची राहते, चष्म्याची घडी,
नाहीतर आभाळात एक चांदणी वाढते.
मी रसग्रहणाला पाच गुण देते.
आज्जा तसा गेला नाही.
सिव्हिलमध्ये गेला, मंगळवारी,
चहा पाणचट आहे म्हणून वॉर्डबॉयशी भांडून.
त्याआधी महापुरात कृष्णा पेवांत शिरली होती.
पाणी ओसरताना पिवळं होऊन निघालं.
सगळे रडत होते. हा बांधावर उभा.
म्हणाला, "नदीला हळद लागली की रं."
घरी येऊन दोन दिवस जेवला नाही.

त्याच्यावर लिहायला बसते तेव्हा
आधी कंदील सोडते.
"प्रेमळ" हातभर खाली गेला की विझतो.
"थरथरते हात" विझतात. खोटेच होते,
शेवटपर्यंत त्याचा हात हलला नव्हता.
मिशीवरची हळद थोडा वेळ टिकते.
पाणचट चहा बराच खोल जातो.

आज बाहेर लाइट गेली आहे,
मुलगी झोपली आहे, कागद कोरा.
मी वाकून बघते.
ह्या वेळी विसरत नाही,
आज्जा, हाईस न्हवं?

खालून कुणी बोलत नाही.
ज्योत बारीक झाली आहे, आणखी बारीक,
पण आहे.

चपला काढून ठेवते.