खालची फरशी

तुर्कूच्या जुन्या शाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
सकाळी सातला आम्ही गुडघे टेकतो.
देवापुढे नाही. लिनोलियमपुढे.

राइमो आधी गुडघ्यांचे पट्टे आवळतो, मग बोलतो.
"गुडघे दोनच मिळतात, आणि त्यांचं दुकान नाही."
जिना चढताना त्याचा डावा गुडघा
वाळक्या काटकीसारखा वाजतो.
मी मागून चढते, ऐकते,
वर पोचल्यावर माझा पट्टा
आणखी एक घर आत घेते.

बोथट पातं जास्त कापतं, त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं.
मला वाटलं, म्हातारा उलटं बोलला.
तिसऱ्या आठवड्यात कळलं:
बोथटाला जोर लागतो,
आणि जोर निसटला की पातं मांडीकडे येतं.
तेव्हापासून वापरलेली पाती एका बरणीत.
बरणीवर अजून चिठ्ठी आहे: खारवलेल्या काकड्या.

डिंकाचा डबा उघडण्याआधी खिडकी उघडायची,
बाहेर उणे नऊ असलं तरी.
"थंडीत माणूस शिव्या देतो,
वासाने मात्र गप्प होतो.
शिव्या ऐकू येताहेत तोवर बरं."

मंगळवारी, चौदा नंबरच्या वर्गात,
मी लिनोलियमचा कोपरा उचलला
तर खाली दुसरीच फरशी.
तपकिरी चौकोन, एक कडेला तुटका,
त्याच्याखाली काळं काहीतरी, डांबरासारखं चकाकणारं.
खरं सांगू? मला आवडली.
खणताना नाणी लागावीत तसं झालं.
मी खरवडणी उचलली.

"हात."
एवढंच म्हणाला. ओरडला नाही.
माझा हात हवेतच राहिला.

त्याने कोपरा परत खाली ठेवला,
झोपलेल्या पोरावर पांघरूण सरकवावं तसा.
पाण्याचा फवारा मारला, बारीक, दोनदा.
पंखा बंद. झाडू नको. पाय घासत चालू नको.
आम्ही उलट्या पावलांनी बाहेर आलो
आणि त्याने दारावर लाल-पांढरी पट्टी ताणली.

मुकादम हुओविनेन आला, फोन कानालाच.
"स्कीची सुट्टी संपतेय. सोमवारी पोरं येतील इथे."
"म्हणूनच," राइमो म्हणाला.

मग जिन्यावर कॉफी.
दिवसाढवळ्या रिकामं बसायची मला सवय नाही,
मी कप नुसताच फिरवत राहिले.
"एकोणऐंशी साली आम्ही हे चौकोन फावड्याने काढायचो,"
तो समोरच्या भिंतीला सांगत होता.
"दुपारी त्यांच्याच ढिगावर बसून भाकरी खायची.
ऑस्मो तर ते खिडकीतून भिरकवायचा,
कोणाचा लांब जातो म्हणून.
त्याचाच जायचा."
ऑस्मोचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही.
राइमो दर वसंतात छातीचा फोटो काढून घेतो
आणि त्या दिवशी कोणाशी बोलत नाही,
एवढं मला माहीत आहे.

निघताना त्याने मला एक पिशवी दिली.
"कामाचे कपडे यात. तोंडाला गाठ. घरी न्यायचे नाहीत.
लहान आहे ना तुझ्याकडे?"

गुरुवारी अहवाल आला. दीड पान,
त्यात आमच्या कामाचा एकच शब्द: अ‍ॅस्बेस्टॉस.
राइमोने घडी घालून वरच्या खिशात ठेवला,
पांढऱ्या पोशाखातल्या माणसांना जिन्यात वाट दिली,
आणि आम्ही तळमजल्याचा व्हरांडा मोजायला घेतला.

पण मी सांगत होते मंगळवारचं.
त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा
पिल्वी स्वयंपाकघरात जमिनीवर होती.
ती अजून जमिनीवरच राहते:
तिथेच रांगते, तिथलंच चाटते,
तिथेच कधी गाल टेकून झोपून जाते.
तिने हात वर केले.
"थांब," मी म्हणाले,
आणि कोपरापर्यंत हात धुतले. परत धुतले.
मग खाली बसले तिच्याजवळ,
पट्ट्यांशिवाय,
आणि पहिल्यांदाच तळव्याने चाचपून पाहिलं
आमच्या फरशीच्या कडा.