सुरुवात कुणी पाहिली

कातबालोगानच्या कोर्टात मी दुभाषी, एकोणीस वर्षं.
साक्षीदार वारायमध्ये रडतात, न्यायाधीश इंग्रजीत ऐकतात,
मधल्या अरुंद जागेत मी,
रुमाल घेऊन, कुणाच्याच बाजूचा नसलेला.

आज साक्षीच्या खुर्चीत फ्लोर्देलिझा आबेयार.
चप्पल नवी, टाचेला पट्टी.
गेला तो तिचा नवरा, एमेतेरियो.
समोरच्या बाकावर गोदोफ्रेदो, थोरल्या पोराचा धर्मपिता;
बाप्तिस्म्याला मेणबत्ती त्याच हातात होती.

पहिला वार तुम्ही पाहिलात का?

ती भलतंच सांगू लागते.
की माडीचा तिसरा कॅन उघडला होता,
की मासा चिरून झाला आणि व्हिनेगर संपलं,
की ती शेजारी लुर्देसकडे गेली, लुर्देसनं शिंक्यावरून...
बाई, उत्तर तेवढं द्या, मी म्हणतो.
छताचा पंखा कुरकुरतो.

आमच्या कायद्यात एक स्पॅनिश शब्द मागे राहिलाय,
गलबतं गेली, तो गेला नाही: आलेव्होसिया.
दगा.
पण माझी आई ज्याला केसानं गळा कापणं म्हणायची तो नव्हे.
नातं, मीठ, एका ताटातला भात,
यांना इथं तराजू नाही.
विचारतात ते एवढंच:
मारणाऱ्यानं ही रीत ठरवून निवडली होती का,
मरणाऱ्याला हात वर करायला सवड होती का,
आणि हे सुरू होताना कुणी पाहिलं का.
सुरू होताना.
मधूनच पाहिलेला दगा धरत नाहीत.
पाठीतली जखमही एकटी पुरत नाही;
माणूस समोरासमोरच्या भांडणातसुद्धा पाठ फिरवतो.

दगा ठरला तर खून, चाळीस वर्षांपर्यंत.
नाही ठरला तर नुसती मनुष्यहत्या, बारा ते वीस.
मेलेला दोन्हीकडे सारखाच मेलेला.

सरकारी वकील तिच्याकडे असा बघतो
की उत्तर वाढून ठेवलंय, तिनं फक्त घास घ्यायचा.
एक होकार.
तो नाही आला तरी मी होतोच मध्ये,
क्रियापदाचा काळ जरा सरकवला असता
तर कुणाच्या लक्षात आलं असतं?
गोदोफ्रेदो आपली नखं बघत होता.

"वाराय," ती म्हणाली.
नाही. आमच्या भाषेचं नावच ते आहे: नाही.
"बाटली घेऊन मी वळले तेव्हा दुसरा चालला होता."

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत ठेवलं.
लघुलेखिकेची बोटं खाली गेली, वर आली.

पहिला पाहिला नाही, मग तो दुसरा हे कशावरून?
"ग्लास आधीच पडलेला होता, सर."

नंतर बाहेर, बदामाच्या झाडाखाली,
पट्टी सोलत ती मला म्हणाली,
तो समुद्राकडे तोंड करून बसला होता.
कुणालाही पाठ देऊन बसायचा नाही तो,
न्हाव्याकडेसुद्धा आरसा मागायचा.
गोदो आला की मात्र खुर्ची फिरवून घ्यायचा, वारा छान येतो म्हणून.
हे तुम्ही आत का नाही सांगितलंत?

मी म्हणालो, तुम्ही बोलला नाहीत.
ती म्हणाली, कुणी विचारलं नाही.

जीप आली. ती चढली, पुन्हा उतरली,
पिशवीत हात घालून चाचपलं काहीतरी.
लुर्देसची बाटली, म्हणाली,
अजून परत द्यायची राहिलीय.