एका रविवारी ही, एका रविवारी ती

खानापूर कोर्टामागच्या खोलीत
मी जुन्या मराठी खरेदीखतांचं कन्नड करते.
मोडी अडली की उठून
भरमाणा वकिलांच्या टेबलाशी जाते.
तिथे मंडक्कीच्या पुड्याखाली, मीठ-तेल प्यालेलं,
एक जाडजूड पुस्तक असतं.
बेळगावात, कॅम्पातल्या मिशन बंगल्याचा लिलाव झाला
तेव्हा किलोवर घेतलेलं.
आत कल्ले राखलेला एक माणूस,
ओठ असे मिटलेले की जणू तारीख पुढे ढकलतोय:
येन्स थेस्ट्रूप, डेन्मार्कचा कायदेपंडित, पुढे मंत्री.

"काय वाचूलासा, सर?"
"माझंच चरित्र," म्हणतात,
आणि चष्मा धोतराला पुसतात.

जकातनाक्यावरच्या कारकुनाचा पोरगा.
बाप कोळशानं भिंतीवर आणे-पै मांडायचा
तसा हा कलमं मांडायचा.
कोपनहेगनात सात हिवाळे,
एकच कोट, आतून उलटून शिवलेला.
पहिला खटला गटाराचा.
पाट कुणी खणला ते आधी विचारा,
मग जमीन कुणाची ते, असं म्हणाला
आणि हरला.

वकील सांगतात,
मला वाटलं, हा आपला.
ह्याचीही हद्द, ह्याचीही भाषा काठावरची,
शेजारी मोठं राज्य.
मी पेन्सिलीनं खुणा करत गेलो.
(मी त्या खुणा पाहिल्यात,
एकशे एकोणचाळिसाव्या पानापर्यंत आहेत.)

एकशे चाळिसावर तो हुकूम काढतो:
सरमिसळ गावांत शाळा डॅनिशमधून,
आणि देवळात
एका रविवारी ही भाषा, एका रविवारी ती.

सही वळणदार. वाळू टाकून सुकवलेली.

मग एक विधवा अर्ज करते.
पोराला मूठमाती दिली तो रविवार तिचा नव्हता.
पाद्री काय बोलला ते कळलं नाही.
पोराला काय सांगून पाठवलं,
एवढं तिच्या बोलीत पुन्हा एकदा म्हणावं.
समासात थेस्ट्रूपचं अक्षर:
नियमात बसत नाही.

त्यानंतर लढाई, तह,
ते प्रांतच गेले.
नवे अधिकारी आले, ते सगळे रविवार घेऊन गेले.
म्हातारपणी तो खिडकीत बसायचा म्हणे,
गुडघ्यांवर कांबळं,
आणि नातवंडांना गटाराच्या खटल्याची गोष्ट सांगायचा.
बाकी काही नाही.

वकील तरुणपणी तीन महिने हिंडलग्याला होते,
एका पाटीवरून.
अजून अर्जावर सही मराठीतच करतात, मुद्दाम, जाड निबानं.
त्या दिवशी ते पुस्तक मिटून नुसते बसले.
पंखा बंद. लोंढ्याकडे जाणारी मालगाडी
जाता जाता संपेना.

मग बसव्वा कुंबार आली,
पदराच्या गाठीत आजोबांचा कागद.
मातीच्या खाणीजवळची बारा गुंठे.
मोडी. घरात कुणाला एक अक्षर लागत नाही;
लेकानं वाळवी झटकून दिला, एवढंच.

वकिलांनी तो उजेडाकडे धरला
आणि कन्नडमध्ये वाचला.
त्यांचं कन्नड कोर्टातलं, खडबडीत,
क्रियापदांना ठेचकाळणारं.
पूर्वेस ओढा. पश्चिमेस चिंचेचं झाड.
साक्षीदार दोघे, एकाचा अंगठा.

बसव्वा काही बोलली नाही.
त्यांनी पुन्हा वाचला,
पहिल्यापासून, कुणी म्हटलं नसताना,
चिंचेच्या झाडाशी जरा थांबून.
"आहे अजून," ती तिच्या भाषेत म्हणाली,
"वीज पडली त्यावर, पण आहे."

जाताना तिची नजर उघड्या पानावर गेली.
हा कोण?
"नम्म ऊरवरे," वकील म्हणाले. आपल्या गावचेच.
तिनं कल्ल्यांकडे नीट पाहिलं.
म्हणाली, तहसीलदार दिसतोय.

मी माझ्या खोलीत आले.
उरलेल्या खतात एक शब्द अडला होता,
तो सोमवारी विचारीन.