चावी

बाबा पाणीखात्यात. असल्फाच्या टेकडीवर
पहाटे साडेचारला लांब दांड्याची चावी घेऊन निघतात.
माझ्या कमरेचा पंप पहिल्यांदा पाहिला तेव्हा
एवढंच विचारलं, "ह्याला आटे किती?"

डॉक्टर वाच्छा म्हणाल्या होत्या, एका वेळी एकच आकडा.
मग तीन दिवस हात बांधून बस.
मी कुठली बसतेय.
साबुदाण्याच्या खिचडीवर दोनशे ऐंशी दिसले
आणि मी टार्गेट खाली ओढलं, कार्बचं प्रमाण बदललं,
वर हातानेही एक डोस ढकलला.
रात्री तीनला पंप किंचाळला: एकोणसाठ.

आई अंधारात साखरेचा डबा चाचपत होती.
बाबांनी ग्लुकोजची पुडी दातांनी फोडली.
"खाली व्हॉल्व्ह फिरवला
की वरच्या चाळीत पाणी चढायला पाऊण तास लागतो.
तेवढ्यात बायका ओरडतात.
ओरडल्या म्हणून अजून चार आटे दिले असते
तर खालचा जोड कधीच फुटला असता."

इन्सुलिन म्हणजे पाणी नव्हे, बाबा.
घाम मानेवरून उतरत होता.
"नसेल. पाइप तर पाइपच ना."

सकाळी सगळं होतं तसं करून टाकलं.
फक्त रात्री दोन ते चार,
शून्य पॉइंट आठचं शून्य पॉइंट सात.

आज तिसरी पहाट.
एकशे अठ्ठेचाळीस, बाण जरासा वर.
अंगठा बटणाशी जातोच.
खाली उतारावर बाबांची चावी लोखंडाला लागल्याचा आवाज.
आमच्या नळातून अजून नुसती हवा.

थांबलेय.