कथील

मे महिना, त्रेचाळीस अंश.
अशोक चौकामागं कारखान्याच्या भिंतीला धरून
तेवढीच हातभर सावली.
तिथं लालसाबांनी खड्डा घेतला, भाता पुरला,
मी आईची पितळी पातेली घेऊन बसले
आणि वारा घालायला फिजिक्सची वही.

भिंतीपलीकडं चोवीस माग.
बोल्ट मारून फरशीला जखडलेले,
तरी जागच्या जागी थरथरतात.
पाठ टेकली की मणक्यातून धोटा धावतो.
नवव्या मागावर नायना असायचे, मार्चपर्यंत.

लालसाबांनी कथलाची कांडी
माझ्या कानाशी आणून वाकवली.
"ऐकलीस? कण्हती बग."
खरंच कण्हली,
दारात पाय अडकलेल्या मांजरासारखी, बारीक.

येमूल सर सांगायचे, घट्ट म्हणजे गप्प नव्हे.
एकेक अणू आपल्या जागेवर झुलतो,
शेजारी ओढून धरतात, म्हणून परततो.
ऊन वाढलं की झोका वाढतो.
शेजाऱ्यापर्यंत जेवढं अंतर
त्याचा दहावा हिस्सा झोक्यानं गाठला
की रांग मोडते.

दहावाच, सर?
मला वाटलेलं, पार अंगावर जाऊन आदळेपर्यंत
कुणी जागा सोडत नसेल.
सर खडूचे हात झटकत म्हणाले,
"साधारण. धातूधातूचं थोडं इकडंतिकडं."

नायना भांडून नाही गेले.
पगाराचे चारशे कमी, त्यावरून एक शब्द,
ताटात उरलेली अर्धी भाकरी.
एवढंच.
सकाळी भिवंडीची गाडी.

पातेलं लाल व्हायला आलं.
चिमूटभर नवसागर, पांढरा धूर, नाकात झणझण,
मग कांडी टेकली
आणि टोक एकदम ढळलं.
आत्ता कांडी होती, आत्ता थेंब.
मधलं काही दिसलंच नाही मला.

वितळत असताना पारा चढत नाही, हेही वहीत होतं:
आच आत जातच राहते,
आकडा तिथंच.
आई मार्चपासून तशीच आहे.
बिड्या वळते, हजार पुरे करते,
विचारलं तर म्हणते, काय न्हाई.

लालसाबांनी कापसाचा बोळा फिरवला,
थेंब पसरला, पितळेला धरून बसला,
आणि तळाशी माझं तोंड उमटलं, वाकडं, घामेजलेलं.
"वितळल्याबिगर चिकटत न्हाई बाळ," ते म्हणाले,
आणि तीस रुपये मागितले.
वीस होते. वीस घेतले.

घरी नेईपर्यंत पातेलं हाताला गरमच.
आईनं त्यात आमटी टाकली.
तिघांची टाकली होती,
मी काही बोलले नाही.