मंगळवारी, नऊपर्यंत

मंगळवारी सकाळी नऊपर्यंत मैदान तबकडीवाल्यांचं.
तसा ठराव झालाय क्लबात,
सात विरुद्ध पाच.
नऊनंतर चेंडू.
मध्ये कुणी आडवं आलं तर ओरडायचं, ही माझी नोकरी.

पाचगणीचं हे नऊ भोकांचं मैदान
माझ्या बापानं राखलं.
त्याच्या काळी गवत कापायचं यंत्र बैल ओढायचा,
आणि बैलाला चामड्याचे बूट घालत,
खुरांचा ठसा उठू नये म्हणून.
सांगितलं की पोरं हसतात.
बूट आहेत अजून शेडात. तीनच.
चौथा कुत्र्यानं नेला.

टोपल्या वाईहून आल्या, टेम्पोत उभ्या बांधून.
लोखंडी खांब, खाली जाळीचं ताट, वर साखळ्या.
मी म्हटलं, ह्यात स्ट्रॉबेरी तरी राहील का?
सायमन सर म्हणाले, तबकडी राहते.
हिरवळीवर नाही हं रोवायच्या, मी बजावलं,
कडेला, जांभ्यात, कारवीला लागून.
पहार उडायची दगडावरून. दोन दिवस गेले.

येतात तिघं-चौघं.
सर, पार्ट्यांची ऋणाली,
आणि पेट्या उतरवून थेट आलेला तौसिफ,
हाताला अजून गोडसर वास.
तबकडी सुटते तेव्हा आवाज नसतो.
सरळ निघते, शहाण्यासारखी,
आणि शेवटी शेवटी, दम सरला की, डावीकडे कलते.
खोऱ्यातून वारा आला तर तिचं ती बघते.
दोन अजून गेळ्याच्या झाडात आहेत.
माकडांनी एक चावून पाहिली.

पण टोपलीत पडली की साखळ्या वाजतात:
पहाटे गोठ्यात म्हैस मान झटकते ना,
तसा.
धुक्यात तर फक्त तेवढंच कळतं,
कुणाचं तरी काहीतरी पोचलं.

दुबाशसाहेब पाचांतले.
हात वर करून म्हणाले होते, हा काय गोल्फ हाय?
एक्क्याऐंशी वय.
डोळ्यांचं मधलंच गेलंय त्यांच्या,
कडेचं दिसतं.
माणसाकडे बघायचं तर त्याच्या कानाकडे बघतात.

त्या मंगळवारी ते आठ-वीसलाच आले.
मी ओरडलो, फोर!
(लहानपणी वाटायचं, हा चौथ्या भोकाचा पुकारा.)
साहेब थांबले.
ते काय वाजलं, कोंडिराम?
टोपली, साहेब.
परत वाजव.

मी सातव्याच्या टोपलीशी जाऊन साखळ्या हलवल्या.
ऋणालीनं त्यांच्या हातात नारिंगी तबकडी दिली,
अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवलं.
पहिली माझ्या पायाशी.
दुसरी कारवीत.
मी हलवत राहिलो, गुरं बोलावल्यासारखा.
तिसरी की चौथी, नक्की आठवत नाही,
मी हात काढून घेतला होता,
आणि साखळ्या वाजल्या.

साहेब हसले नाहीत.
चालत आले, टोपली चाचपली, तबकडी उचलली.
मग माझ्या कानाकडे बघत म्हणाले,
चेंडूला आवाज नव्हता रे.
म्हणून चार वरस तू सांगशील तिथे तो पडला.

मी काय बोलणार?
चार वर्षं त्यांचा चेंडू
दगडातून, पाल्यापाचोळ्यातून
पायानं गवतावर सरकवत आणलेला.
बक्षिशीसाठी नाही, असं म्हणणार होतो.
थोडी बक्षिशीसाठीही.

नऊला त्यांनी पिशवी उघडली,
काठी काढली,
पहिल्या भोकावर जाऊन उभे राहिले,
जणू काही झालंच नाही.

यंदा पुन्हा मतदान झालं.
सात विरुद्ध पाच.
साहेबांचा हात होता तिथेच होता.
फक्त मंगळवारी ते आता लवकर येतात,
आणि त्यांच्या चेंडूला मी पाय लावत नाही.
कारवीत गेला तर म्हणतो,
साहेब, कारवीत गेला.