मान खाली घालून

पेडल स्टील बसूनच वाजवावी लागते.
समोर दहा तारा, पायाखाली तीन पेडलं,
गुडघ्यांना दांडे, आणि मान कायम खाली.
म्हणून कॉटनवुड हॉलमधली माणसं
मला तोंडावरून फारशी ओळखता येत नाहीत.
बावीस वर्षं मी त्यांचे पाय बघतोय.

शनिवारी सातला अर्डिस लाकडी फळ्यांवर
मक्याचं पीठ टाकते, कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी.
नऊपर्यंत ते बुटांखाली दळून दळून
हवेत गेलेलं असतं.
मग सगळे घड्याळाच्या उलट फिरतात,
भरभर, भरभर, साव-काश, साव-काश,
उलटी प्रदक्षिणा. मध्ये देव नाही,
नुसती मोकळी जागा,
नवशिक्यांनी पडायला.

शहामृगाच्या कातड्याचे, बाहेरच्या बाजूनं झिजलेले:
बँकेतला हॉलिस.
पांढरे, रबरी, भोकाभोकांचे:
मारिबेल, नर्स, ड्यूटीवरून थेट.
लाल, दोनदा तळ बदललेले:
माझी आधीची बायको.
स्टेजपाशी आले की ते अजूनही
जरा लांबून वळतात.

आणि करडे. डाव्या चवड्यावर
वेल्डिंगची ठिणगी पडून जळलेला डाग.
पर्सेल.
पवनचक्क्या दुरुस्त करायचा, वाईट नाचायचा,
दर तिसऱ्या पावलाला
अंधारात शिडीची पायरी चाचपल्यासारखा.
माझे चाळीस डॉलर आणि गाडीचा जॅक
त्याच्याकडेच राहिला.
फेब्रुवारीत गेला.
लोक सांगतात तसा पवनचक्कीवरून पडून नाही,
दुकानात, खिळे तोलून घेताना.

आज तिसऱ्या फेरीत एका संथ गाण्यात
मी सूर ओढून धरला होता,
आणि माझ्या तारांपलीकडून
तो डाग गेला.

हात घसरला.
बासवरच्या युजीननं वळून पाहिलं.
लोकांना मात्र आवडलं, कोणीतरी शीळही घातली.
स्टीलचं हे बरं असतं,
चूक रडण्यासारखी ऐकू येते.

मी मान वर केली.
पोरगा होता त्याचा, केसन, सतराचा, आईच्या नाकाचा,
आणि हातात त्याच्याहून वीतभर उंच मुलगी.
म्हणतात, बापाचे बूट पोराला यायला लागले
की त्याच्याशी बरोबरीनं बोलावं.
हे आले नव्हते अजून.
टाच आधी उचलायची, बूट मागून यायचा.
एका वळणावर तर पाय पुढे गेला
आणि बूट हॉलिसच्या वाटेत उभाच राहिला.

कोणी हसलं नाही. हॉलिस वळसा घालून गेला.
पोरगा स्टेजच्या कडेवर बसला, दुसराही काढला,
आतून पशुखाद्याच्या पावत्यांचे बोळे पडले.
"हे इथं ठेवू का?" म्हणाला.
मी हनुवटीनंच हो म्हटलं, हात मोकळा नव्हता.

मग तो मोज्यांवर नाचला.
उजव्या मोज्याला भोक, अंगठा बाहेर,
खाली पीठ, सगळं गुळगुळीत,
मुलगी हसत होती आणि तो घसरत होता बरोब्बर तालात.
बापासारखा मुळीच नाही.

शेवटच्या वॉल्ट्झला मान पुन्हा खाली.
पेडलांशेजारी ते दोन, टोकं माझ्याकडे करून,
कोणी समोर उभं राहून
फर्माईश करत असावं तसे.
मी वाजवलं.
चाळीस डॉलर फिटले असं म्हणणार नाही.
जॅकचं तर नाहीच नाही.

एकला दिवे लागले. अर्डिस पीठ झाडत होती.
पोरगा बूट विसरून मोज्यांवरच गेला,
पिकअप मुलगी चालवत होती.

पुढच्या शनिवारी देईन त्याला.
मी काही घालून पाहिले नाहीत.
म्हणजे, डावा पाहिला, अर्डिसची पाठ होती तेव्हा.
मलाही कागद लागला असता.